पैसे यंत्रात, जीव टांगणीला!

एटीएमचा पिन बहुतेक ठिकाणी चारच आकडी का असतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? मला पडला होता. उत्तर सापडलं तेव्हा गंमत वाटली. जगातलं पहिलं मानलं जाणारं पैसे देणारं यंत्र २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमध्ये, एनफिल्ड भागातल्या बार्कलेज बँकेत सुरू झालं. ते ज्यांच्या कल्पनेतून उतरलं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगला, १९२५ साली. त्यांच्या मनात सहा आकडी पिन होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी ते बायकोला, कॅरोलिनला सांगितलं. ती म्हणाली, मला तर चारच आकडे लक्षात राहतात. झालं! पिन चार आकडी ठरला. हा किस्सा त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे.

म्हणजे मैत्रिणींनो, बायकांना यातलं काय कळतं असं म्हणत ज्या यंत्रापुढे आपल्याला मागे उभं केलं जातं, त्याचा पिन एका गृहिणीच्या सोयीनं ठरला! भारतात हे यंत्र आलं १९८७ साली, मुंबईत. आपल्या खेड्यापाड्यात यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. २०१४ साली जनधन योजना आली आणि आमच्या बचत गटातल्या अनेकींच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं कार्ड पडलं. कुणी ते देव्हाऱ्यात ठेवलं, कुणी डाळीच्या डब्यात.

पण यंत्र म्हटलं की ते बिघडणारही. जून २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. एका माणसानं यंत्राकडे पाचशे रुपये मागितले, आणि बाहेर आल्या पाचशेच्या पाच नोटा! ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि यंत्रापुढे झुंबड उडाली. शेवटी पोलिसांनी येऊन ते केंद्र बंद केलं. झालं होतं एवढंच, की शंभराच्या नोटांच्या कप्प्यात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. यंत्र बिचारं शंभराच्या पाच नोटा समजून मोजत होतं.

जास्त पैसे आले की गर्दी होते, बातमी होते. पण कमी आले, किंवा आलेच नाहीत, तर? तेव्हा आपण एकटेच असतो. आणि परक्या देशात असलो, तर मग विचारूच नका. मी त्यातून गेले आहे, म्हणून आज हे लिहायला बसले.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. लेक लंडनला, तिला हिवरा आश्रमला आणणं शक्य नव्हतं. मग माहेरच तिच्याकडे गेलं! पाहुण्यांना तिथे सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून २०२२ च्या दिवाळीनंतर मी निघाले. डिंकाचे लाडू, खसखस, बाळंतशोपा, ओवा, बाळाची झबली टोपडी, सगळं बांधून घेतलं. आणि घेतलं माझं कार्ड. त्या खात्यातले पैसे माझे होते. शिवणाचे, गटातल्या बचतीचे, वर्षानुवर्षं साठवलेले. लेकीचं बाळंतपण माहेरच्या पैशानं व्हावं, एवढीच इच्छा.

निघण्याआधी दोन कामं केली होती, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पहिलं, कार्ड परदेशात चालेल असं बँकेकडून सुरू करून घेतलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड आधी फक्त देशातच चालतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करावा लागतो, आणि एकावेळी किती पैसे निघावेत याची मर्यादाही ठरवता येते. दुसरं, माझा मोबाईल नंबर परदेशात चालू राहील अशी सोय केली. बँकेचा मेसेज, ओटीपी सगळं त्याच नंबरावर येतं ना!

जानेवारी २०२३. इकडे आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाची धामधूम, पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाची तयारी. तिकडे लंडनला हाडं गोठवणारी थंडी, चार वाजताच अंधार. नातू वीस दिवसांचा झालेला. बाळाला आणि लेकीला मालिश करायला एक गुजराती मावशी यायच्या, त्यांना रोख पैसे द्यायचे होते. तिथे भाजीसुद्धा कार्डावर मिळते, पण मावशींचा हिशेब रोखीचा. जावईबापू म्हणाले, ‘‘आई, मी देतो ना.’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो, हे माहेरचं आहे.’’

दुकानाच्या भिंतीतल्या यंत्रात कार्ड घातलं, दोनशे पाऊंड मागितले. तेव्हा पाऊंड साधारण शंभर रुपयांचा, म्हणजे झाले वीस हजार! आतून नोटा मोजल्याचा खडखडाट आला, मग थांबला. पडद्यावर दिलगिरीचे शब्द आले, कार्ड बाहेर आलं, पैसे काही आले नाहीत. तेवढ्यात पर्समधला मोबाईल वाजला. बँकेचा मेसेज होता. माझ्या खात्यातून वीस हजारांहून थोडी जास्त रक्कम वजा झाली होती!

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या फुटपाथवर कळलं. सोबत जावईबापू होते. त्यांनी लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू दिला नाही. आम्ही चार गोष्टी केल्या. यंत्रावर लिहिलेला त्याचा क्रमांक, जागा आणि वेळ टिपून घेतली. पडद्याचा आणि यंत्राचा मोबाईलवर फोटो काढला. पावती आली नव्हती, तेही लिहिलं. आणि बँकेचा मेसेज पुसला जाणार नाही असा जपून ठेवला.

घरी फोन लावला. पलीकडून यांचा आवाज, मागे भोंग्यावर भजन. सगळं ऐकून म्हणाले, ‘‘तू सुखरूप आहेस ना? मग जाऊ दे, गेले तर गेले.’’ शेजारच्या वहिनींनी तर फोन हातात घेऊन विचारलं, ‘‘काहून गेली वं बाई त्या मशीनजोळ? आता गोऱ्या लोकायले कोण पुसते?’’ दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण ‘जाऊ दे’ हे शब्द आपण बायका किती सहज ऐकून घेतो! साडीचा पिको बिघडला तर जाऊ दे, वाण्यानं वजनात मारलं तर जाऊ दे. त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं, हे जाऊ द्यायचं नाही. माझ्या शिवणयंत्रावरच्या कितीतरी रात्री त्या वीस हजारांत होत्या.

आता हे पैसे गेले कुठे असतात, ते समजून घेऊ. मला ते समजलं आणि अर्धी भीती तिथेच गेली. यंत्राच्या आत नोटांचे वेगवेगळे कप्पे असतात. आपण रक्कम मागितली की यंत्र आधी आपल्या बँकेला विचारतं, हिच्या खात्यात एवढे पैसे आहेत का? बँक हो म्हणते आणि खात्यातून रक्कम वजा करते. मग यंत्र नोटा उचलून मोजतं. दोन नोटा चिकटून आल्या किंवा मध्येच अडकल्या तर त्या आतल्याच वेगळ्या खोक्यात टाकल्या जातात. अशा वेळी ‘पैसे दिले नाहीत, रक्कम परत जमा करा’ असा उलटा निरोप यंत्रानं बँकेला द्यायचा असतो. तो निरोप मधल्यामध्ये हरवला, की आपला घात होतो. खात्यातून पैसे गेलेले, आणि हातात काही नाही.

पण नोटा तर यंत्रातच राहिल्या ना! आपल्या बचत गटाची पेटी आठवा. सभेच्या शेवटी सचिव वही आणि पेटी जुळवते. वहीत दोनशे दिल्याचं लिहिलंय आणि पेटीत दोनशे जास्त निघाले, तर सगळ्याजणी काय म्हणतील? ‘‘ते कुणाला तरी द्यायचे राहिले!’’ यंत्राचंही अगदी तसंच. प्रत्येक व्यवहाराची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. पैसे भरताना शिल्लक मोजली जाते. नोंद आणि रोकड जुळली नाही, की जास्तीची रक्कम उघडी पडते. म्हणून पैसे हवेत विरत नाहीत. फक्त ती वही कुणीतरी उघडायला लावावी लागते.

ही वही उघडायला कुणी लावायची? इथेच बहुतेकांची गल्लत होते. ज्या बँकेचं यंत्र, तिच्या दारात जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. आपण तिचे खातेदार नसतो. मी दुसऱ्या दिवशी तिथे विचारलंच. तिथल्या मुलीनं गोड हसून सांगितलं की तुमच्या कार्डाच्या बँकेला कळवा. तक्रार नेहमी आपलं कार्ड ज्या बँकेचं, तिच्याकडेच करायची. मग आपली बँक व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्डाच्या जाळ्यामार्फत त्या यंत्राच्या बँकेकडे नोंदी मागते आणि पैसे परत मागते. त्याला मुदत असते, म्हणून ‘भारतात परत गेल्यावर बघू’ असं म्हणून चालत नाही.

मला नेमकं तेच ऐकवलं गेलं. आपल्या १८०० नं सुरू होणाऱ्या फुकटच्या नंबरावर परदेशातून सहसा फोन लागत नाही. कार्डाच्या मागे परदेशातून लावायचा वेगळा नंबर असतो, तो लावला. तिथून उत्तर आलं, शाखेत जा. शाखा उघडते सकाळी दहाला, तेव्हा हिवाळ्यात लंडनला पहाटेचे साडेचार! बाळ त्याच वेळेला दुधासाठी उठायचं, ते सोयीचंच झालं. शाखेतले साहेब म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही इकडे आल्यावर अर्ज द्या ना.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, मी एप्रिलला येणार. तोपर्यंत मुदत संपली तर भरून कोण देणार? मला आजच तक्रार क्रमांक द्या.’’

त्यानंतर अर्जाचा कागद ईमेलवर आला. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, मागितलेली रक्कम दोनशे पाऊंड, मिळालेली रक्कम शून्य, असं लिहून सही केली आणि फोटोंसह पाठवलं. पूर्ण कार्ड क्रमांक, पिन, ओटीपी कुणालाही सांगितला नाही. खरी बँक तो कधी विचारतच नाही. दर सोमवारी एक ईमेल, प्रत्येकात तोच तक्रार क्रमांक. एका वहीत तारीख, कुणाशी बोलले, काय म्हणाले, सगळं लिहीत गेले. गटाच्या कामाची सवय अशी उपयोगी पडली.

दरम्यान संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. लंडनला मराठी माणूस काही नवा नाही, तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. एका मराठी घरी आम्ही तिळगुळाला गेलो. यंत्राचा विषय काढला, तर आणखी दोघीजणी निघाल्या पैसे अडकलेल्या! तिथे कायम राहणाऱ्या एकीनं सांगितलं की खातं तिथल्याच बँकेत असेल, तर बँकेला अंतिम उत्तर द्यायला ठरावीक मुदत असते. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर ‘फायनान्शिअल ऑम्बुड्समन सर्व्हिस’कडे एक पैसाही न भरता दाद मागता येते. परदेशी असलेल्या तुमच्या लेकीसुनांना हे नक्की कळवा.

सत्तेचाळिसाव्या दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेज आला. रक्कम जमा! मी घरभर लेकीला दाखवत फिरले. पण नीट पाहिलं, तर परदेशी वापराचं म्हणून कापलेलं शुल्क परत आलं नव्हतं. पैसेच मिळाले नाहीत तर शुल्क कसलं? पुन्हा ईमेल. आठवड्यानं तेही आलं. रक्कम किरकोळ होती, पण हक्काची होती.

आता आपल्या गावातलं. भारतातल्या यंत्रात असं झालं तर नियम अधिक स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे, खात्यातून पैसे गेले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेनं ते आपणहून परत जमा करायचे. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, आणि तीही आपण मागायची वाट न बघता. मात्र हा नियम देशातल्या व्यवहारांपुरता आहे. परदेशातल्या यंत्राला तो लागू नाही, म्हणूनच तिथे पाठपुरावा जास्त लागतो. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून सगळ्यांसाठी मिळून ‘एकात्मिक लोकपाल योजना’ आली, आणि तिथेही फी लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा हवा. म्हणून अर्ज दिला की पोच घ्यायचीच, शिक्क्यानिशी.

एक मात्र लक्षात ठेवा. यंत्राचा बिघाड वेगळा आणि चोरी वेगळी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या व्यवस्थेत चोरट्यांनी घुसखोरी केली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतल्या यंत्रांतून पैसे काढले. सगळं मिळून ९४ कोटी गेले. आपण यंत्राजवळ गेलोच नाही आणि तरी पैसे गेल्याचा मेसेज आला, तर ती चोरी समजायची. तेव्हा अर्ज लिहीत बसायचं नाही, आधी कार्ड बंद करायला लावायचं. रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली ठरवलं, की चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे लांबवले असतील आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भार येऊ नये. तेव्हा मेसेज वेळेवर वाचणं हीच आपली कडी-कुलूप!

आणि इथेच मला खरं दुखणं दिसलं. मी परत आल्यावर आमच्या गटातल्या एकीनं पासबुक पुढे केलं. मेहकरच्या यंत्रातून दोन महिन्यांपूर्वी पाच हजार वजा झाले होते, आणि तिच्या हातात आले नव्हते. तेव्हा तिला वाटलं, यंत्र बंद आहे. मेसेज तिला आलाच नाही, कारण खात्याला नंबर होता पोराचा. पोरगा पुण्याला कंपनीत, कामाच्या वेळी फोन बाहेर ठेवावा लागतो. त्यानं मेसेज पाहिलाही नव्हता. तक्रार करायला गेलो तर ओटीपी त्याच्याच फोनवर. मेहकरला तीन चकरा झाल्या. शेवटी आधी नंबर बदलला, मग तक्रार दिली, आणि पैसे भरपाईसह मिळाले. ती मला म्हणाली, ‘‘ताई, खातं माह्या नावाचं, पण ते मले ओळखतच नोयतं!’’

तेव्हापासून आमच्या गटाच्या सभेत हजेरीनंतर एक प्रश्न ठरलेला असतो. खात्याला नंबर कुणाचा आहे? कित्येकींच्या खात्याला नवऱ्याचा, दिराचा, पोराचा नंबर निघाला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. खातं उघडलं तेव्हा बाईकडे फोनच नव्हता. आता आहे, पण नंबर तोच राहिला. मग दिवस ठरवून आम्ही सगळ्याजणी आधारकार्ड, पासबुक घेऊन बँकेत गेलो. कॅशियर म्हणाले, ‘‘आज काय मोर्चा आहे का?’’ म्हटलं, ‘‘मोर्चा नाही साहेब, नंबर बदलायचेत.’’

लंडनच्या त्या थंडीत माझे पैसे परत आले ते मला इंग्रजी फार येतं म्हणून नाही. मेसेज माझ्या फोनवर आला, आणि तक्रार माझ्या सहीनं गेली, म्हणून आले. बाकी मदत सगळ्यांनी केली, पण दार माझ्याच किल्लीनं उघडायचं होतं. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पासबुक भरायला जाल ना, तेव्हा खिडकीवर एवढंच विचारा, ‘‘माझ्या खात्याला कुणाचा नंबर आहे?’’